मेंदी-इंडिगो लावलेले केस धुताना: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

काम दोन डोक्यांचं आहे. माझे केस जाड, खांद्याखाली येणारे, निम्म्याहून जास्त पांढरे. आईचे आखूड, बारीक आणि जवळजवळ सगळेच पांढरे. दोघी आधी मेंदी लावतो, ती धुऊन त्यावर इंडिगो, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पूड. पहिला आठवडा रंग छान गडद असतो. मग कानशिलांचे केस तांबूस व्हायला लागतात आणि मुळं दिसायच्या आतच आईच्या कपाळाभोवती तांबडी झालर येते. आजवर आम्ही त्यावर एकच उपाय केला, पुन्हा सगळं लावायचं. त्यात अख्खी सुट्टी जाते आणि केस दर वेळी जास्त राठ होतात.

आज नुसतं बघितलं. आईनं केस धुतले तेव्हा पाणी पांढऱ्या मगमध्ये धरलं. फिकट निळसर. आणखी एकदा धरलं, तेही निळसर. केशरी रंगाचा मागमूस नाही.

हे कारणाशी जुळतं. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसाच्या केराटिनला, म्हणजे केस ज्याचा बनतो त्या प्रथिनाला, रासायनिकदृष्ट्या चिकटतं, ते सहजी निघत नाही. इंडिगोचं तसं नाही. पानातल्या इंडिकनपासून पाण्यात इंडॉक्सिल तयार होतं, ते केसात शिरतं आणि हवा लागली की तिथंच त्याचं निळ्या कणांत रूपांतर होतं. हे कण पाण्यात विरघळत नाहीत, पण केसाला बांधलेलेही नसतात, फक्त आत अडकून बसतात. म्हणजे मेंदी जपायची गरजच नाही. धुण्याचे जे काही नियम करायचे ते इंडिगोसाठी.

६ जानेवारी

डोक्यावर प्रयोग करायचे तर एकेक निष्कर्ष कळायला महिना जाईल. म्हणून सुट्या बटांवर करायचं ठरवलं. फणीत आलेले पांढरे केस गोळा केले, दोऱ्यानं बांधले आणि चाचणी म्हणून एक बट शॅम्पूनं धुतली. तिचा नमदा झाला. सुटतच नाही. केसावरचे खवले मुळाकडून टोकाकडे असतात, आणि फणीतले केस उलटसुलट बांधले गेले की ते खवले एकमेकांत अडकतात. संध्याकाळ त्यात गेली.

आईचे केस कापायचे होतेच. तिला सांगितलं की कापताना लांब बट आधी बांधू, मग कापू. सगळ्या बटा एकाच दिशेच्या मिळाल्या. मुळाकडचं टोक दोऱ्यानं घट्ट आवळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टीवर पेन्सिलीनं खूण केली. पेननं करू नका, शाई पहिल्याच धुण्यात पसरते आणि रंग कशाचा ते कळत नाही.

१० जानेवारी

बटा रंगवल्या. मेंदी कोमट पाण्यात, थोडा लिंबाचा रस घालून, झाकून रात्रभर ठेवली होती. सकाळी तळहातावर तिचा थेंब काही मिनिटं ठेवून पुसला, केशरी डाग राहिला, म्हणजे रंग सुटला. तीन तासांनी बटा धुतल्या तेव्हा भडक केशरी.

इंडिगो नुसत्या पाण्यात कालवला, चिमूटभर मीठ, बाकी काही नाही. यात लिंबू घालायचं नाही, आम्ल मेंदीला चालतं, इंडिगोला नाही. दहा-पंधरा मिनिटांत लगद्याच्या पृष्ठभागावर गडद निळसर पापुद्रा येतो, तो आला की लगेच लावायचा. मेंदीसारखा रात्रभर भिजवून ठेवला तर लावायच्या वेळेला त्यात दम राहत नाही.

धुतल्यावर बटा शेवाळी दिसत होत्या. पहिल्यांदा लावणारे इथंच घाबरतात आणि परत शॅम्पू करतात. एक बट मुद्दाम तशीच, त्याच संध्याकाळी शॅम्पूनं धुतली. एक कधीच धुवायची नाही म्हणून कागदी पाकिटात ठेवली. बाकीच्या टांगून ठेवल्या.

१३ जानेवारी

टांगलेल्यांपैकी एक बट आज धुतली, ती पाकिटातल्या बटेइतकीच काळसर. त्याच संध्याकाळी धुतलेली बट विटकरी तपकिरी. शॅम्पू तोच, पाणी तेच, बट त्याच डोक्याची. फरक फक्त मधल्या वेळेचा. हे आधी कळलं असतं तर आईचं बरंचसं इंडिगो वाचलं असतं, कारण तिला डोक्याला मातीचा वास सहन होत नाही आणि ती दुसऱ्याच दिवशी न्हाते.

तीन दिवस साबण-शॅम्पू नाही, हे पक्कं.

१८ जानेवारी

आठवडा काचेच्या बरण्यांत गेला. प्रत्येक बरणीत सारखंच साधं पाणी, त्यात एकेक प्रकार, बट बुडवून मिनिटभर हलवायची, मग साध्या पाण्यात खळबळून पांढऱ्या टिशूवर दाबायची. टिशूवरचा डाग आणि वाळलेल्या बटेचा रंग, दोन्ही बघायचे. हेच रोज.

सगळ्यात वाईट साबणाची वडी. इथं मी तेल आणि क्षारापासून बनलेला खरा साबण म्हणतेय, मग त्यावर केसांसाठी म्हणून लिहिलेलं असो वा नसो. असा साबण अल्कलीधर्मी असतो, पीएच नऊ-दहाच्या आसपास. त्यात केस फुगतो, खवले उघडतात, टिशू निळा होतो. शिवाय आमचं पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन जो पांढरट चिकट थर बसतो तो बटेवर बसला. बट वाळली तेव्हा वाकवली तर वाकलेलीच राहिली. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर व्हिनेगर घालून त्यात बुडवली तेव्हा कुठे मऊ पडली, पण गेलेला निळा रंग अर्थातच परत आला नाही.

नेहमीचा शॅम्पू, ज्यात सोडियम लॉरेथ सल्फेट असतं, त्यानं रंग उतरवला, पण साबणापेक्षा कमी. सल्फेट नसलेला शॅम्पू त्याहून सौम्य निघाला. मात्र बाटलीवरच्या दाव्यावरून मला वाटलं होतं तेवढा फरक नाही. जवळ धरून, उजेडात, पाकिटातल्या बटेशेजारी ठेवल्यावरच कळतो. नेहमीचाच शॅम्पू पाण्यात चांगला पातळ करून वापरला तर या दोघांतलं अंतर आणखी कमी होतं.

रिठा. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य असेल या समजुतीत होते. त्यातलं सॅपोनिन चांगलंच काम करतं, तेल काढतं आणि रंगही काढतं. बट कोरडी, खडखडीत. आणि बरणी उघडताना उडालेला थेंब डोळ्यात गेला, त्या दिवशी पुढचं काम बंद.

शिकेकाई ठीक. पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे केस फुगत नाही. फेस जवळजवळ नाही, टिशूवर डाग फिका. पण पूड सरळ लावली तर कण केसात अडकतात आणि ते काढण्यासाठी इतकं चोळावं लागतं की सौम्यपणाचा फायदा तिथंच संपतो. पूड उकळून, पाणी दाट कापडातून गाळून घ्यायचं.

नुसतं कंडिशनर लावून धुणं रंगाच्या बाबतीत सगळ्यात चांगलं ठरलं. माझ्या केसांना ते चालेल. आईचे बारीक केस त्यानं डोक्याला चिकटून बसतील, त्यामुळे तिच्यासाठी हा मार्ग नाही.

२३ जानेवारी

गरम पाण्याची चाचणी शेवटी ठेवली होती, ती आधी करायला हवी होती. एकच शॅम्पू, एक बट गार पाण्यात, एक कोमट, एक आपण अंघोळीला घेतो तितक्या कढत. गरमची बट स्पष्टपणे तांबूस. शॅम्पू बदलून जेवढा फरक पडला होता त्याहून जास्त फरक पाण्याच्या तापमानानं पडला. आठवडाभर बरण्या हलवल्या आणि मोठा चोर गीझरमध्ये बसला होता.

थंडीत गार पाण्यानं डोकं धुणं मला जमणार नाही आणि आईला तर सांगणारही नाही. तडजोड अशी: अंग गरम पाण्यानं, डोकं वेगळ्या बादलीतल्या कोमट पाण्यानं, बेसिनवर वाकून. मनगटावर पाणी घेतलं तर ना गरम ना गार वाटलं पाहिजे.

२७ जानेवारी

तेल. एक बट खोबरेल तेलात रात्रभर ठेवली. सकाळी कापसानं पुसली तर कापूस निळसर करडा. दुसरी बट तासभर तेलात ठेवली, तिचा कापूस जवळजवळ स्वच्छ. मला वाटतं, पृष्ठभागावर सैल बसलेले कण तेलासोबत सुटून येतात.

रात्रभर तेल थापून सकाळी कढत पाणी आणि भरपूर शॅम्पू, हा आईचा वर्षानुवर्षांचा क्रम. इंडिगोला यापेक्षा वाईट वागवता येणं कठीण. तेल पूर्ण बंद करायला ती तयार नाही, आणि तशी गरजही नाही. रंगवल्यावर पहिला आठवडा तेल नाही. नंतर लावायचं तर धुण्याआधी तासभर, बोटांवर थोडंसं घेऊन टोकांना.

१ फेब्रुवारी

एवढं करूनही एक गोष्ट सुटत नव्हती. बटांचा रंग पाण्यात, शॅम्पूत, तेलात कमी-जास्त जातो, पण आईच्या कानशिलांवर जितक्या लवकर जातो तितका एकाही बटेचा गेला नाही. बटा त्याच डोक्यावरच्या. मग वेगळं काय? बटा मी रंगवण्याआधी खसाखसा धुतल्या होत्या. आईच्या डोक्यावर मेंदी लावायच्या आदल्या दिवशी तेल असतं, नाहीतर कंडिशनर. केस मऊ असले की मेंदी नीट पसरते, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

तीन बटा नव्यानं घेतल्या. एकीला तेलाचं बोट, एकीला सिलिकोनचं कंडिशनर लावून वाळवलेली, एक नेहमीच्या सल्फेटच्या शॅम्पूनं दोनदा धुऊन काहीही न लावलेली. मेंदी, इंडिगो, तीन दिवस थांबणं, मग सगळ्यांना सारखंच धुणं. स्वच्छ बट काळसर राहिली. कंडिशनरची तपकिरी. तेलाची मध्येच केशरी, मध्येच काळी, पट्ट्यापट्ट्यांची.

म्हणजे कानशिलांवरचा रंग नुसता उतरत नव्हता, तो मुळात नीट आतच जात नव्हता. जो कडक शॅम्पू नंतर टाळायचा, तोच आधी वापरायचा. जड पाण्याचा थर साचलेला असेल तर त्यासाठी ईडीटीए (जड पाण्यातले क्षार धरून ठेवणारं द्रव्य) असलेला खोल सफाईचा शॅम्पू मिळतो. तो नसेल तर शॅम्पूनंतर पातळ व्हिनेगरचं पाणी आणि मग साधं पाणी. कंडिशनर अजिबात नाही. गुंता होतो, तो सहन करायचा.

कानशिलांचे पांढरे केस तसेही रंग धरायला चिवट. आता तिथं लगदा सगळ्यात आधी लावायचा आणि सगळ्यात शेवटी धुवायचा.

८ फेब्रुवारी

दोन्ही डोकी. सकाळी सुरुवात, दिवस मावळला तेव्हा संपलं. माझ्या केसांना दोन्ही पुडी मिळून जितकी लागते असं वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त लागली, मध्येच इंडिगो कमी पडला आणि आणखी कालवायला थांबावं लागलं. लगदा पातळ थरात फासून भागत नाही. केस त्यात बुडले पाहिजेत.

धुणं हे या दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. नळाखाली धरलं तर वरची पूड निघते, आतली टाळूला बसून राहते. आम्ही टब भरला, डोकं त्यात उलटं बुडवलं आणि बोटं फिरवत राहिलो. पहिलं पाणी गडद हिरवं, गाळासकट. बदललं. मग निळसर. मग बोटं मुळांशी घातल्यावर रवाळ लागेनासं झालं. इथं सिलिकोन नसलेलं कंडिशनर मूठभर घेऊन केसांवरून सरकवलं की अडकलेले कण निसटतात. चोळायचं नाही, विंचरायचंही नाही.

पुसायला जुना काळा टीशर्ट. उशीवरही तोच.

१० फेब्रुवारी

आईची टाळू खाजतेय. आधी भीती वाटली की ॲलर्जी, पण लाली नाही, पुरळ नाही. विभागून बघितलं तर मानेवर, केसांच्या मुळाशी, वाळलेल्या लगद्याचे कण. साध्या कोमट पाण्यात पुन्हा टब, पुन्हा कंडिशनर, शॅम्पू नाही. खाज थांबली. मानेचा भाग दिसत नाही म्हणून राहतो, तो दुसऱ्यानं बघावा.

११ फेब्रुवारी

पहिलं खरं धुणं. आई: पातळ केलेला सौम्य शॅम्पू फक्त टाळूवर, लांबीवरून फेस नुसता वाहू द्यायचा. मी: कंडिशनर. मगमधलं पाणी किंचित निळं. जानेवारीतल्या पाण्याचा फोटो शेजारी धरला तर फरक डोळ्यात भरतो.

२ मार्च

कानशिलं काळसर आहेत. आधी या सुमाराला झालर आलेली असायची. आई आरशासमोर उभी राहून म्हणाली, "या वेळी पावडर चांगली मिळालेली दिसते." पावडर तीच आहे. मी काही बोलले नाही.

माझ्या केसांची टोकं मात्र राठ आहेत, गुंता लगेच होतो. कारण बहुतेक लिंबू. लवकर रंग सुटावा म्हणून माझ्या भांड्यात हात सैल सोडला होता. आईच्या मेंदीत थोडंच होतं, तिचे केस मऊ आहेत. पुढच्या वेळी कोमट पाणी आणि जास्त वेळ, लिंबू नावापुरतं. दुसरं कारण, मी दर वेळी मेंदी टोकांपर्यंत ओढत आले. मेंदी जात नाही, थरावर थर बसतो, केस जाडसर आणि कडक होतात, मूळचा बाक सैल पडतो. मुळांना लावायची, टोकांचं तिथं काही काम नाही.

९ मार्च

पोहायला सुरुवात केली. तलावातलं क्लोरीन इंडिगोला थेट विरंजित करतं, इथं सौम्य-कडक असा प्रश्नच नाही. पाण्यात उतरायच्या आधी केस साध्या पाण्यानं चिंब करून घेते, म्हणजे आधीच भिजलेला केस तलावाचं पाणी कमी पितो. त्यावर थोडं कंडिशनर, घट्ट टोपी. बाहेर आल्या आल्या साधं पाणी. तरी भांगाजवळची एक बट तांबूस झाली आहे. पूर्ण बचाव या मार्गानं होत नाही.

१५ मार्च

मैत्रिणीनं "काळी मेंदी"चं पाकीट आणून दिलं, म्हणे अर्ध्या तासात काळं, धुण्याची पथ्यं नाहीत. पाकिटावरचे घटक वाचले, त्यात पॅरा-फिनाइलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी. ते रासायनिक हेअरडायमधलं द्रव्य आहे आणि त्यानं काहींना तीव्र ॲलर्जी होते. नुसत्या मेंदीचा रंग केशरी-तांबडाच येतो, अर्ध्या तासात काळं करणारी पूड नुसती मेंदी नसते. पाकीट परत केलं. नवी पूड कुठलीही असो, कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस बघायची.

इंडिगोच्या केसांवर ब्लीच करायचा कुणाचा विचार असेल तर आधी सुट्या बटेवर करा. मी केलं. हिरवी झाली.

२२ मार्च

मुळं दिसायला लागली, आणि तलावामुळे पुढचे केस तांबूस. आधी असते तर पूर्ण मेंदी, पूर्ण इंडिगो, अख्खा दिवस. आता विचार केला की तांबूस झालेल्या केसात मेंदी आहेच, गेलंय फक्त इंडिगो. मग मुळांना नेहमीसारखं दोन्ही, आणि तांबूस बटांना नुसता इंडिगो, तासभर. बसला. दुपारपर्यंत मोकळी.

पांढऱ्या मुळांवर मात्र नुसता इंडिगो लावू नका. खाली मेंदी नसेल तर पांढऱ्या केसावर हिरवट-निळी छटा येऊ शकते. एका बटेवर बघितलं होतं, ती पाकिटात ठेवली आहे, कुणाला दाखवायला उपयोगी पडते.

२९ मार्च

आईचं डोकं फसलं. मेंदी छान चढली, इंडिगो बसलाच नाही, धुतल्यावर सगळं केशरी. स्वच्छ धुणं, थांबणं, पाणी, सगळं ठरल्याप्रमाणे. मग उरलेली पूड कालवून बघितली: वीस मिनिटं झाली तरी पृष्ठभाग मळकट हिरवाच, निळा पापुद्रा नाही. फेब्रुवारीत उघडलेलं पाकीट, चिमटा लावून न्हाणीघराच्या फळीवर ठेवलेलं, वाफेत. पूड मेली होती. घाईत पापुद्रा न बघताच लावली गेली.

नवं पाकीट आणून संध्याकाळी नुसता इंडिगो लावला, तो बसला. उरलेली पूड आता हवाबंद डब्यात, कपाटात अंधारात, वर उघडल्याची तारीख. आणि लावायच्या आदल्या दिवशी चमचाभर कालवून बघते. पापुद्रा आला तरच मेंदी भिजवायला घेते.